दर्या, दऱ्या आणि एक कार्ड

'दर्या' आणि 'दऱ्या' या दोन शब्दांत फरक तो केवढा? एकात र डोक्यावर चढून रफार होतो, दुसऱ्यात तोच र य ला आडवा बिलगतो. पण एकात अथांग समुद्र आहे आणि दुसऱ्यात डोंगरांमधल्या खोल घळी. आमच्या धाकटी डहाणूत दर्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हा फरक पोरांना शाळेत शिकवावा लागत नाही. रोमन लिपीत मात्र दोन्ही शब्द एकाच साच्यातले. डी ए आर वाय ए लिहा आणि समोरच्याने समुद्र वाचायचा की डोंगर, हे त्याच्यावर सोपवा. १९८० नंतर आपल्याकडे जे छोटे संगणक येऊ लागले त्यांना रोमनखेरीज दुसरी लिपी ठाऊकच नव्हती. मग ते दर्या लिहायला कसे शिकले? त्याचे उत्तर एका कार्डात आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हटले की घरातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे भरधाव मोटारी आणि कोसळणारे किल्ले उभे राहतात. १९९६ साली 'थ्रीडीएफएक्स' कंपनीचे 'व्हूडू' कार्ड बाजारात आले आणि घरातल्या संगणकावरच्या खेळांचे रूपच पालटले. अलीकडे तर हीच कार्डे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी रांगा लावून विकत घेतली जातात. आजची गोष्ट आहे ती या सगळ्यांच्या आजोबांची. त्यांना मोटारी पळवायच्या नव्हत्या. त्यांना फक्त अक्षर काढायचे होते, आणि तेही आपल्या आईच्या लिपीतले.

दोन हजार घरांचा पडदा

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' आणला. त्याच्या पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी आत एक वेगळे कार्ड बसवावे लागे. कचेऱ्यांसाठी जे एकरंगी कार्ड होते, त्याने पडद्याची दोन हजार घरे पाडली होती. आडवी ८०, उभ्या ओळी २५. प्रत्येक घर रुंदीला ९ ठिपके, उंचीला १४. कार्डाची स्मृती अवघी चार किलोबाइट, आणि तेवढी पुरेशीही होती. कारण संगणक कार्डाला अक्षराचे चित्र पाठवतच नसे. तो फक्त आकडा पाठवी. ६५ आला की कार्डाने कॅपिटल ए काढायचा, ६६ आला की बी. कोणत्या आकड्याला कोणते चित्र, हे कार्डावरच्या एका चिपमध्ये कायमचे कोरलेले होते. अशी चित्रे होती एकूण २५६.

ज्यांनी जुने छापखाने पाहिले आहेत त्यांना हे चटकन कळेल. जुळाऱ्यापुढे खिळ्यांची केस असे, तशीच ही २५६ खणांची केस. फरक इतकाच, की जुळाऱ्याला नवा खिळा ओतून घेता येई. इथे केसला कुलूप होते. इंग्रजीची सव्वीस छोटी, सव्वीस मोठी, आकडे, विरामचिन्हे आणि वर चौकटी काढायच्या रेघा एवढे सगळे त्यात आरामात मावले. मराठीचे काय? काना-मात्रा, उकार-वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे. 'क्ष', 'ज्ञ', 'श्र', 'द्ध', 'ष्ट्र' असे एकेक मोजू लागलो तर २५६ खण कुठल्या कुठे संपतील. शिवाय आपले अक्षर एका घरात निमूटपणे बसणारे नाही. 'त' ला एक घर पुरे, 'ण' ला दाटी होते, तर 'ट्ठी' सारख्याला वर-खाली दोन्हीकडे जागा हवी.

आयबीएमचे दुसरे, रंगीत कार्ड होते. ते ठिपक्याठिपक्याने चित्र काढू देई, पण त्याचा पडदा ६४० बाय २०० ठिपक्यांचा आणि अक्षरे ८ बाय ८ च्या घरातली. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ताण. म्हणजे रेखीव अक्षरे हवीत तर चित्र नाही, आणि चित्र हवे तर अक्षरे ओबडधोबड.

ही कोंडी फोडली ती अमेरिकेत शिकणाऱ्या थायलंडच्या एका विद्यार्थ्याने. त्याचे नाव व्हॅन सुवन्नुकुल. त्याला आपला डॉक्टरेटचा प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. थाई लिपी ही आपल्या देवनागरीची दूरची बहीणच. दोघींचे मूळ ब्राह्मी लिपीत. तिच्यातही स्वरांच्या खुणा व्यंजनाच्या पुढे, मागे, वर आणि खाली बसतात. आयबीएमचे एकरंगी कार्ड तिला उभे करीना. तेव्हा या गृहस्थाने १९८२ साली स्वतःचेच कार्ड बनवले. केव्हिन जेन्किन्स या भागीदाराबरोबर कंपनी काढली आणि कार्डाला नाव मिळाले 'हर्क्युलिस'. त्याने एकरंगी पडद्याची रेखीव अक्षरे जशीच्या तशी ठेवली आणि वर ७२० बाय ३४८ ठिपक्यांपैकी हवा तो ठिपका पेटवायची मुभा दिली. एका पडद्याच्या ठिपक्यांना सुमारे ३१ हजार बाइट लागतात. कार्डावर ६४ किलोबाइट स्मृती दिल्यामुळे असे दोन पडदे त्यात मावत.

पुढे जगभर कचेऱ्यांत लक्षावधी लोक हर्क्युलिसवर हिशेबाचे आलेख काढत बसले. त्याची नक्कल करणारी स्वस्त कार्डे आपल्याकडेही आली. हिरव्या नाहीतर पिवळट अक्षरांचे ते पडदे अनेकांना आठवत असतील. पण त्या कार्डाचा जन्म आलेखासाठी झाला नव्हता. एका माणसाला आपल्या लिपीत लिहायचे होते आणि यंत्र नाही म्हणत होते, म्हणून तो झाला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपण समजतो, की आधी यंत्र येते आणि मग दयेपोटी त्यात आपली भाषा बसवली जाते. इथे उलटे झाले.

कानपूरहून पुण्याला

हर्क्युलिसने ठिपके दिले, पण ठिपक्यांतून जोडाक्षर घडवायची अक्कल कोणी द्यायची? ते काम आपल्या देशात चालू होते. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे ही मंडळी देवनागरीवर काम करीत होती. १९८३ साली दिल्लीत तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले, तेव्हा त्यांच्या देवनागरी संगणकाचा नमुना तिथे लोकांना दाखवण्यात आला. १९८८ मध्ये पुण्यात 'प्रगत संगणन विकास केंद्र' म्हणजे सी-डॅक सुरू झाले. विजय भटकर त्याचे पहिले संचालक. सी-डॅक म्हटले की लोकांना १९९१ चा 'परम' महासंगणक आठवतो. पण त्याच संस्थेत मोहन तांबे यांच्या गटाने आणखी एक काम तडीस नेले. त्याचे नाव जिस्ट, म्हणजे 'ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी'. नाव लांबलचक, वस्तू मात्र तळहाताहून थोडी मोठी. संगणकाचे झाकण उघडायचे, आतल्या खाचेत ते कार्ड बसवायचे आणि झाकण लावायचे. की संगणकाला मराठी आली!

आता यातली खरी गंमत ऐका. त्या काळी कचेऱ्यांत डीबेस, लोटस, वर्डस्टार असे इंग्रजी प्रोग्रॅम चालत. ते मराठीसाठी नव्याने लिहायचे म्हटले असते तर पिढी गेली असती. जिस्टने त्यांना हातच लावला नाही. प्रोग्रॅम नेहमीसारखा आकडे पाठवी. १२८ च्या खालचे आकडे आले की कार्ड इंग्रजी अक्षर काढी. वरचे आले की ते ओळखी, की ही आपली लिपी. मग मागचापुढचा आकडा बघून कुठे जोडाक्षर करायचे, कुठे रफार चढवायचा, हे सगळे कार्डच ठरवी. बिचाऱ्या डीबेसला शेवटपर्यंत कळले नाही, की आपण मराठीत खतावणी ठेवतो आहोत.

यामागचा विचार त्याहून महत्त्वाचा होता. आकडा द्यायचा तो अक्षराच्या चित्राला नव्हे, उच्चाराला. 'कि' हा शब्द घ्या. हाताने लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, मग क. मराठी टाइपरायटरवरही तोच क्रम होता. पण बोलताना क आधी आणि इ नंतर. जिस्टमध्ये बोलण्याचा क्रम घेतला. आधी क दाबा, मग इकार. वेलांटी उचलून अलीकडे नेऊन ठेवायचे काम यंत्राचे. टाइपरायटरवर बोटे झिजलेल्या मंडळींना हे पहिले पंधरा दिवस फार जड गेले. नव्याने शिकणारी पोरे मात्र आठवड्यात लिहू लागली, कारण त्यांना फक्त बोलता येणे पुरेसे होते. या कळफलकाचे नाव इनस्क्रिप्ट. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो प्रमाण ठरवला होता. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ज्या कळीवर क, तीच शिफ्टसह दाबली की ख. ग वर घ, त वर थ, प वर फ. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला वेगळे पाठांतर कशाला?

या आकड्यांना भारतीय मानक संस्थेने १९९१ साली शिक्कामोर्तब केले. त्याला 'इस्की' म्हणतात. त्यात क चा आकडा १७९. र चा २०७ आणि त्याला लागूनच २०८ वर मराठीला हवा तो ऱ. ल चा २०९ आणि ळ चा २१०. ल आणि ळ यांची घरे वेगळी आहेत म्हणून 'घोळ' मासा कागदावर 'घोल' होत नाही, आणि 'जाळे' हे 'जाले' होत नाही. रोमनमधले जे ए एल ई कोणी 'जळे' वाचील, कोणी 'जले'. ज्याचे पोट जाळ्यावर आहे त्याला विचारा, की जाळे आणि जळणे यांत किती अंतर असते.

शिरोरेघ गळाली

आमचा डहाणू तालुका सीमेवरचा. शेजारचा उंबरगाव तालुका १९६० सालापर्यंत आमच्याबरोबर ठाणे जिल्ह्यातच होता. राज्ये झाली तेव्हा तो गुजरातेत गेला. माणसे जिथल्या तिथे राहिली, आप्तसंबंध राहिले, किनारा तर एकच. माझी एक आत्या तिकडे दिलेली. म्हणजे घरात लग्न निघाले की पत्रिका दोन लिप्यांत, आणि दोन्हींत नावांची बेरीज-वजाबाकी होणार हे ठरलेले. इकडे एक काका राहून जात, तिकडे एका मामाचा ऱ्हस्व-दीर्घ बदले.

१९९२ साली धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी डहाणूरोडच्या एका टंकलेखनाच्या दुकानात जिस्ट कार्ड बसवलेला संगणक मी पहिल्यांदा पाहिला. निमंत्रितांची यादी मराठीत टंकून झाली. मग त्या दुकानदार भाऊंनी लिपी बदलायची आज्ञा दिली. पडद्यावरच्या सगळ्या नावांची शिरोरेघ एकदम गळून पडली! क चा गुजराती क झाला, म चा म. नावे तीच, क्रम तोच, कान्यामात्रेचा फरक नाही. माझी आई मराठी जेमतेम वाचणारी. ती म्हणाली, "डोक्यावरचा पदर तेवढा काढला गं हिनी." याहून चांगले वर्णन मी कुठल्या तंत्राच्या पुस्तकात वाचलेले नाही.

हे साधले कारण इस्कीत सगळ्या भारतीय लिप्यांच्या क चा आकडा एकच, १७९. देवनागरी असो, गुजराती असो, बंगाली असो की तमिळ. लिपी म्हणजे नुसता अंगरखा. आतला आकडा तोच. अर्थात अंगरखा बदलला म्हणून माणसाची भाषा बदलत नाही. आपण 'डहाणू' म्हणतो, गुजराती माणूस ते 'द' ने लिहितो. यंत्राने ड चा गुजराती ड केला. तो द करायला शेवटी आत्याच लागली.

कार्ड गेले, खिळे विखुरले

पुढे विंडोज आली. तिचा पडदा पहिल्यापासूनच ठिपक्यांचा. दोन हजार घरांचा पडदा मागे पडला आणि त्याच्याबरोबर त्या घरांसाठी बनवलेले कार्डही. कार्ड जाणे हा काळाचा नियम, त्याचे दुःख नाही. दुःख आहे ते मधल्या दहा-पंधरा वर्षांचे.

या काळात मराठी छपाई संगणकावर आली ती फॉन्टच्या वाटेने. आणि फॉन्टवाल्यांनी आकडा दिला तो उच्चाराला नव्हे, चित्राला. अर्धा क एका इंग्रजी अक्षराच्या जागी, वेलांटी दुसऱ्याच्या, काना तिसऱ्याच्या. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. कागदावर छापून आले की सुबक दिसे, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. पण संगणकाच्या पोटात ती मराठी नव्हतीच. मराठीचा मुखवटा घातलेली इंग्रजी चिन्हे होती. मुखवटा काढला की खाली कंस, टक्के आणि डॉलर.

१९९७ साली आम्ही काही जणांनी गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून लग्नातली गाणी उतरवून घेतली. आमच्या मांगेली बोलीतली. छापखान्यात जो फॉन्ट चाले त्यातच ती टंकली; दुसरा मार्ग तेव्हा नव्हता. छापील पुस्तिका शे-दीडशे, त्यातल्या बऱ्याच पावसाळी हवेने आणि वाळवीने नेल्या. फाइल मात्र मुलाच्या संगणकात जपून ठेवली होती. काही वर्षांपूर्वी ती उघडली तर पडद्यावर नुसता चिन्हांचा पाचोळा. गाणी सांगणाऱ्या चौघींपैकी एकही आज हयात नाही. शेवटी त्या फॉन्टचा तक्ता मिळवून, कोणते चिन्ह म्हणजे कोणता तुकडा हे लावत, भाच्याने बहुतेक मजकूर परत आणला. जोडाक्षरे मात्र छापील प्रतीशी ताडून एकेक दुरुस्त करावी लागली. ती एक प्रत वाळवीतून वाचली नसती तर?

हीच फाइल इस्कीत असती तर हा द्राविडी प्राणायाम करावा लागला नसता. कारण १९९१ साली 'युनिकोड' ही जगातल्या सगळ्या लिप्यांची आकडेवारी जाहीर झाली, तेव्हा तिने देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये क चा आकडा २३२५ आहे आणि गुजराती क चा २७०९. फरक ३८४. आता ख घ्या, ग घ्या, ळ घ्या. प्रत्येकाच्या आणि त्याच्या गुजराती भावंडाच्या मध्ये बरोबर ३८४ च. पुण्याच्या कार्डातली शिस्त जगाच्या तक्त्यात अशी जाऊन बसली आहे. वेलांटी उचलून अलीकडे ठेवायचे जे काम कार्ड करी, ते आता फोनमधला प्रोग्रॅम करतो. आणि दऱ्या? तिथे आजही ऱ, मग हलन्त, मग य. दर्याला साधा र. दोन वेगळे आकडे, दोन वेगळे शब्द.

नावाची किंमत

एवढ्या बारीकसारीक गोष्टीचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. एक उदाहरण देतो. किनाऱ्यावर होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात; ते आडनावही आहे. रोमनमध्ये लिहून परत नागरीत आणले की त्याचे कधी टंडेल होते, कधी तंडेल. 'कोळी' चे 'कोली' होणे तर नित्याचे. एका दाखल्यावर एक, दुसऱ्यावर दुसरे, की माणूस प्रतिज्ञापत्राच्या रांगेत उभा.

रांगेपुरते असते तरी चालले असते. डहाणू-तलासरी भागातले कितीतरी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात सीमेची रेघ आखलेली नसते. पाकिस्तानने पकडलेल्या बोटींवर आमच्या भागातले खलाशी असल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. २००८ च्या करारानुसार दोन्ही देशांनी दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या असतात. त्या पोराचे नाव गावच्या दाखल्यावर मराठीत, बोटीच्या कागदावर गुजरातीत, पलीकडच्या नोंदीत उर्दूत नाहीतर इंग्रजीत. चार लिप्यांतून फिरून ते परत येते तेव्हा दारात बसलेल्या बाईने विचारलेला प्रश्न साधा असतो: हा माझाच का? त्या प्रश्नाला काना-मात्रा लागते.

तेव्हा रविवारच्या निवांत वेळी दोन कामे करावीत, असे सुचवतो. घरातल्या सगळ्यांची नावे सगळ्या कागदांवर नागरीत एकसारखी आहेत का, हे एकदा मांडून बघावे. आणि कपाटातल्या सीडीत, जुन्या संगणकात कोणाचे टंकलेले काही असेल, आजोबांच्या आठवणी, संस्थेचे इतिवृत्त, आजीच्या ओव्या, तर फॉन्टचे नाव अजून कुणाला आठवते आहे तोवर ते युनिकोडमध्ये करून घ्यावे. यंत्रे बदलत राहणारच. मजकूर आकड्यांच्या नीट शिस्तीत ठेवला असेल, तर तो एका यंत्रातून दुसऱ्यात सुखरूप जातो.